मागच्या दारचे मानकरी

उभ्या नाशकात घर नसलेल्या माणसाच्या घरी जाताना चपला बाहेर काढणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा साडू होता. गोदावरीच्या पुलाखाली कुणी गोणपाट अंथरून बसलेलं असलं की साडूभाऊ त्या गोणपाटाच्या चार हात अलीकडे थांबत, घसा खाकरत आणि विचारत, "आहेत का घरात?" घरातला माणूस समोरच बिडी ओढत आमच्याकडे बघत असे. मी म्हणे, "अहो साडूभाऊ, समोर तर बसलेत." त्यावर ते खालच्या आवाजात मला झापत, "बसलेत ते मलाही दिसतंय. त्यांना या घडीला कुणी यायला हवंय का, ते दिसतंय का तुम्हाला?" आतून, म्हणजे गोणपाटावरून, "या" असं आलं की जिथे उंबरठा असायला हवा होता तिथे चपला काढायच्या, वाकून आत शिरायचं आणि दाखवतील तिथे बसायचं. पूल आमच्या डोक्यावर चांगला उंच होता, पण वाकल्याशिवाय त्यांना आत गेल्यासारखं वाटत नसे. एकदा तिथून आम्हा दोघांच्याही चपला चोरीला गेल्या. मी रस्ताभर खड्यांवरून उड्या मारत कुरकुरत होतो आणि साडूभाऊ म्हणत होते, "त्यांना किती लागलं असेल हो मनाला! दारातून पाहुण्याच्या चपला जाव्यात म्हणजे काय!" दुसऱ्या दिवशी ते त्यांची समजूत काढायला पुन्हा गेले. अनवाणीच.

मी आता ऐंशी ओलांडली आहे. साडूभाऊंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण आमच्या नात्यात अजूनही लग्नकार्यात पंगत उठली, पानाचं तबक फिरू लागलं की कुणीतरी त्यांची गोष्ट काढतं: मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या मामांना यांनी मागच्या अंगणात बसवून आंघोळ घातली आणि त्यांची मिशी उतरवली. सगळे पोट धरून हसतात. "अर्धवटच होता बिचारा," असं एखादी म्हातारी मायेने म्हणते. गोष्ट खरी आहे. आंघोळ घातली गेली आणि मिशीही गेली. फक्त त्यात साडूभाऊंचा हात नव्हता. मामांना मागच्या दारी धाडणारा शहाणा मी होतो. इतकी वर्षं मी त्या हसणाऱ्या मंडळीत बसून त्यांच्याबरोबर हसत आलो, आणि दर वेळी पान कडू लागत गेलं. तेव्हा ज्याला हसायचं त्याने योग्य माणसाला हसावं, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं आहे.

साडूभाऊ एका सरकारी कचेरीत कारकून होते. गंगापूर रोडला तेव्हा घरं कमी आणि पेरूच्या बागा जास्त होत्या. तिथे त्यांनी पुढे व्हरांडा, मागे अंगण असं छोटंसं घर बांधलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात माणसं पोटासाठी शहरात आली, त्यातली कितीतरी परत गेलीच नाहीत. कुणी पुलाखाली राहिलं, कुणी मंडईच्या भिंतीला, कुणी एस.टी. स्टँडच्या मागे. लोक येताजाता भाकरी द्यायचे, जुने कपडे द्यायचे. साडूभाऊंना ते पटत नसे. "ओळख ना पाळख, हातावर भाकरी ठेवायची नि पळून यायचं? आपल्या घरी कुणी असं करून गेलं तर चालेल का?" म्हणून त्यांनी आधी ओळख काढायला सुरुवात केली. गाव कुठलं, सोयरे कुठले, हे विचारता विचारता पुलाखालच्या निम्म्या लोकांशी त्यांचं लांबचं नातं निघालं. जिथे निघेना तिथे त्यांनी ते मनाने जोडलं. मग भेटीगाठी सुरू झाल्या आणि भेटीगाठींचे सगळे रिवाज त्यांच्यामागून पुलाखाली गेले. रिकाम्या हाताने जायचं नाही. सत्तरीच्या एकट्या म्हाताऱ्याकडे जातानासुद्धा ते "पोरांसाठी" म्हणून बिस्किटाचा पुडा न्यायचे. जेवणाच्या वेळी जायचं नाही. आता ज्याच्या जेवणाचीच खात्री नाही त्याची जेवणाची वेळ कुठली, पण साडूभाऊ बारा ते दोन कधी गेले नाहीत. आणि गेल्यावर निदान पाणी तरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. ते पाणी मी नजर चुकवून मागे ओतायचो. साडूभाऊ ते घटाघट पिऊन "गार आहे हो" म्हणायचे.

पण सगळ्यात कहर होता तो परतभेटीचा. आपण दोनदा गेलो की त्यांनी एकदा आलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे आणि कुणी आलं नाही तर ते खरोखर रुसायचे. फुलबाजारामागे एक बाई दोन लेकरांना घेऊन राहायची. तिला ते एकदा माझ्यासमोर म्हणाले, "मावशी, हे काही बरं नाही. मी तीनदा येऊन गेलो, तुम्ही आमच्या घराला पाय लावला नाहीत. आमचं काही चुकलं का?"

बाई हसून म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं यायचं म्हंजी अंगावर धडकं लुगडं नको का?"

दुसऱ्या दिवशी माझ्या मेहुणीची, म्हणजे अक्कांची, मोतिया रंगाची साडी कपाटातून नाहीशी झाली. अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, लग्नातली साडी होती माझी!"

"म्हणून तर दिली. पहिल्यांदाच यायच्यात त्या आपल्याकडे. साधी नेसून येतील का?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती बाई ती साडी नेसून आली, आणि अक्कांनी तिला कुंकू लावताना त्या साडीचा पदर जरा जास्तच वेळ हातात धरला, असं माझी बायको सांगत असे. पण पुढल्या वर्षी ती बाई आली नाही तेव्हा अक्काच म्हणाल्या, "बघून या हो जरा, बरी आहे ना ती."

दुसऱ्यांना शहाणं करण्याचीही साडूभाऊंना खोड होती. भाषण त्यांना जमत नसे. ते माणसाला उचलून तिथे नेऊन बसवत. कचेरीतल्या मोठ्या साहेबांना त्यांनी "एका घरी चहा घेऊ" म्हणून मधल्या सुट्टीत मंडईच्या भिंतीशी नेलं आणि गोणपाटावर बसवलं. साहेब सुटाबुटात. "बघा साहेब," साडूभाऊ म्हणाले, "इथून शहर कसं दिसतं ते बघा. नुसते गुडघे. तोंड कुणाचंच नाही." साहेब गुडघे बघत बसले. तेवढ्यात देवदर्शनाहून आलेल्या कुणा बाईने चालता चालता साहेबांच्या मांडीवर एक केळं ठेवलं आणि ती नमस्कार करून पुढे गेली. साडूभाऊ कौतुकाने म्हणाले, "बघा, तुमचीही ओळख झाली इथे." साहेबांनी केळं खाल्लं. कचेरीत यावर पुन्हा कधी चकार शब्द निघाला नाही, पण त्या थंडीत कचेरीतल्या जाड सतरंज्या अचानक "जीर्ण" ठरल्या आणि साहेबांनी आपणहून गाडी देऊन त्या पुलाखाली पोचवल्या.

आता रविवारच्या आंघोळीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच अडलं. दर रविवारी साडूभाऊंच्या मागच्या अंगणात पाणी तापायचं. ज्यांना नदीशिवाय न्हाणीघर नव्हतं अशांना आदल्या दिवशी घरी जाऊन अक्षता देऊन आमंत्रण असायचं. तेल लावून, पाठ चोळून, दिवाळीसारखी आंघोळ. त्यांच्या ओळखीचा एक न्हावी दाढी-कटिंग करायला यायचा. तो बोलत काहीच नसे आणि एकदा वस्तरा हातात घेतला की थांबतही नसे. नंतर व्हरांड्यात पाटावर पंगत. या सगळ्याला साडूभाऊंचा एक पक्का नियम होता: पाहुण्याच्या "नको"कडे लक्ष द्यायचं नाही. "अहो साडू, भला माणूस संकोचाने नको म्हणतो. आपण दुसऱ्याकडे जेवताना पहिल्या आग्रहाला कधी हो म्हणतो का? तोच न्याय आंघोळीला." म्हणून नको म्हणणाऱ्याला हसतमुखाने दोन्ही दंडांना धरून पाटावर बसवायचं. बसल्यावर आजवर कुणाची तक्रार आली नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी बेबी. शिक्षिका होती, हुशार होती, पण तिचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी बघून गेले आणि दोन्हीकडून नकार आला. मुलगी चांगली, पण वडील रस्त्यावरच्या लोकांकडे पाणी पितात, असा निरोप मध्यस्थाने आणला. तिसरं स्थळ घोटीचं होतं. मुलगाही शिक्षक, बेबीच्याच बरोबर नाशकात शिकलेला. माझ्या बायकोच्या कानात बेबीने सांगितलं होतं, "मावशी, हे मोडलं तर मी दुसरीकडे नाही करणार." म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रम नावापुरता. फक्त मुलाचे मामा हो म्हणाले पाहिजेत. मुलाच्या वडिलांचं त्यांच्यापुढे काही चालत नव्हतं. मामांची घोटीला भाताची गिरणी होती आणि भागात त्यांच्या शब्दाइतकाच त्यांच्या मिशीलाही मान होता.

घोटीकरांनी रविवारच दिला. मामा गिरणीवरून परस्पर एस.टी.ने येणार होते. अक्का म्हणाल्या, "या रविवारी मागचं बंद. माझ्या पोरीचा जन्माचा प्रश्न आहे."

"अक्षता देऊन आलोय मी," साडूभाऊ म्हणाले. "बोलावलेल्या पाहुण्याला येऊ नका म्हणायचं?"

"मग पोरीला जन्मभर घरातच ठेवायची?"

शेवटी तोडगा मी काढला. घोटीची मंडळी पुढच्या दाराने येतील, बाकीचे मागच्या दाराने जातील, आणि फाटकावर मी उभा राहीन. मी मेनरोडला कापडाच्या दुकानात होतो. पायरी चढणाऱ्याला स्वस्त मांजरपाट दाखवायचा की महागडं टेरिकॉट, हे तो दुकानात शिरायच्या आधी सांगायचो, आणि ते सगळ्यांना ऐकवायचोही. "साडूभाऊ, माणूस ओळखण्याचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. त्यांनी जरा काळजीने माझ्याकडे पाहिलं, पण सोडलं.

दुपारी फाटकावर पहिला पाहुणा आला तो पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, लाल फेटा, हातात नारळ. वयस्क, ताठ. मी हात जोडले, "या या, मामा! वाट सापडली ना?" ते मान डोलावून "हां" म्हणाले. मी त्यांना पुढच्या दाराने नेऊन आरामखुर्चीत बसवलं, अक्कांना खूण केली आणि पुन्हा फाटकावर आलो. हे होते पुलाखालचे आजोबा, मूळचे सटाण्याकडचे. आजवर परतभेटीला आले नव्हते म्हणून साडूभाऊंनी त्यांच्यावर रुसवा धरला होता. तो काढायला ते कोट कुणाकडून तरी मागून आणून, नदीवर न्हाऊन आले होते. मी त्यांना पूर्वी दोन-तीनदा पाहिलं होतं, पण तेव्हा त्यांच्या अंगावर कोट नव्हता.

थोड्या वेळाने दुसरा पाहुणा आला. अनवाणी, एका हातात तुटलेली चप्पल, खांद्यावर गाठोडं, दाढीचे खुंट वाढलेले आणि डोक्यापासून पायापर्यंत धूळ आणि भुसा. हे मामा होते. हंगाम चालू असल्यामुळे त्यांना दाढीला वेळ झाला नव्हता. एस.टी. वाटेत बंद पडली म्हणून ते एका ट्रकमध्ये पोत्यांवर बसून आले होते आणि गाठोड्यात आमच्यासाठी नवा तांदूळ होता. त्यांनी विचारलं, "कारकून सायबांचं घर हेच का?"

"हेच. या, या. मागून या."

"मागून?"

"हो, पाणी तापलंय. आधी आंघोळ करून घ्या."

मामा म्हणाले, "आंघोळ? नाय हो, सकाळी करून निघालोय मी."

झालं. पहिलं "नको" आलं. मी हसतमुखाने त्यांचा दंड धरला. बिचाऱ्या मामांचीही पंचाईत अशी की ते सोयरीक करायला आलेले. मुलीकडच्यांच्या घरी पहिल्याच पावलाला हात झटकायचा कसा? शहरातली रीत असेल असं वाटून ते बसले पाटावर. अंगणात आधीच जमलेल्यांपैकी दोघांनी तेल चोळायला घेतलं. मामा "पुरे, पुरे" म्हणत होते, आम्ही "असू द्या, असू द्या" म्हणत होतो. गरम पाणी पाठीवर पडलं तसे त्यांनी डोळे मिटले. मग न्हाव्याने हनुवटी धरली. मामा म्हणाले, "थोडी कोरा नुसती." मी फाटकाकडे वळता वळता न्हाव्याला म्हणालो, "संकोच करताहेत. तुम्ही सगळं स्वच्छ करा." न्हाव्याने सगळं स्वच्छ केलं.

तिकडे पुढच्या खोलीत बेबीने आजोबांना वाकून नमस्कार केला होता. आजोबांनी नारळ तिच्या ओटीत घातला. पोहे खाल्ले. मुलगी समोर येऊन बसली म्हणजे काहीतरी विचारायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बेटी, रातले नीट झोप लागस का तुले?"

बेबी गोंधळली. मग म्हणाली, "हल्ली नाही लागत, मामा."

"लागी," आजोबा म्हणाले, "लगीन व्हवू दे." बेबी मला पुढे म्हणाली, "काका, इतक्या जणांनी मला पाहिलं. स्वयंपाक विचारला, उंची विचारली. मला काय होतंय, ते फक्त त्यांनी विचारलं."

आणि मग फाटकापाशी मोटार थांबली. मुलगा, त्याचे आई-वडील. मुलाच्या आईने उतरता उतरता विचारलं, "आमचे दादा आले का?" मी ऐटीत म्हणालो, "केव्हाच! पोहेसुद्धा झाले त्यांचे." त्या आत गेल्या आणि दारातच थबकल्या. "हे कोण?"

"अहो, तुमचे दादा," अक्का हसून म्हणाल्या.

"आमचे दादा असे नाहीत."

"मंग मी कोना दादा शे?" आजोबा मला विचारू लागले. एवढ्यात मागच्या दारातून साडूभाऊंचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला एक गुळगुळीत गृहस्थ, अंगाला सुगंधी तेलाचा वास, चेहऱ्यावर समाधान, असा आत आला. मुलाच्या आईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तो कोण हे ओळखलं, वरचा ओठ पाहिला, आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो शेजारच्या पेरूच्या बागेत ऐकू गेला. "दादा! कोण गेलं रे आपल्यातलं? मला का नाही कळवलं?" आमच्याकडे माणूस मिशी काढतो ती घरातला वडीलधारा गेल्यावर. मामांनी ओठावर हात फिरवला. तिथे काही नव्हतं. आंघोळीच्या गुंगीत त्यांना ते तोवर कळलंच नव्हतं.

पाठोपाठ आंघोळ करून आलेला एकजण सद्भावनेने म्हणाला, "पावणं नवीन हायेत. आम्ही समदे रस्त्यावरचे हर रविवारी येतो हितं."

मामांना सगळं उमगलं. "म्हणजे मला भिकारी समजून आंघोळ घातली व्हय? कुणी पाठवलं मला मागं?"

मी फाटकातून आत येऊन दारात उभा होतो. मी नजर चुकवून दाराची कडी न्याहाळू लागलो. खोलीत सगळे एकमेकांकडे बघत होते. बेबी ओटीतला नारळ घट्ट धरून उभी होती. आणि साडूभाऊ, जे या सगळ्या वेळात मागे कढईपाशी पुऱ्या तळत होते आणि ज्यांनी मामांना अजून नीट पाहिलंही नव्हतं, ते हातातल्या झाऱ्यासकट पुढे आले आणि म्हणाले, "मी. मीच पाठवलं. चुकलं माझं."

मामा पायजम्यातच मोटारीत जाऊन बसले. मुलगा वळून वळून बघत होता, पण गेला. अक्का दोन दिवस साडूभाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत. बेबी बोलत होती, पण जेवत नव्हती. आणि मी? मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "काय हा साडूभाऊंचा वेडेपणा!" हे मी खरोखर म्हणालो.

तिसऱ्या दिवशी साडूभाऊ माझ्या दाराशी. "चला साडू, घोटीला जाऊ." बरोबर पुलाखालचे आजोबाही होते. ते कुणी बोलावल्याशिवाय आले होते. "पोर मन्हा पाय पडनी," ते म्हणाले. "आशीर्वाद दिधा मी. तो काय वाया जाऊ देऊ?" त्यांच्या मते नमस्कार घेतला म्हणजे ते मुलीकडचे वडीलधारे झाले होते आणि वडीलधाऱ्याशिवाय आम्ही दोघं पोरं तिथे जाऊन काय बोलणार होतो?

मामा गिरणीच्या दारात बसले होते. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. गिऱ्हाइकांना दात दुखतो म्हणून सांगत होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. साडूभाऊ चपला काढून खालीच भुशात बसले. आजोबा त्यांच्या शेजारी. मीही बसलो.

"मिशी काय, येईल पुन्हा," मामा उपरण्याआडून म्हणाले. "आंघोळीचाबी मला राग नाय. पण मला बिनघराचा समजलात, त्याचा लय राग हाय."

"खरं आहे," साडूभाऊ म्हणाले. "पण मामा, तुम्हाला मुलाचे मामा म्हणून ओळखलं असतं तर तुम्हाला काय मिळालं असतं? बशीभर पोहे आणि अर्धा कप चहा. बिनघराचे समजलो म्हणून तर तुमची पाठ चोळली. आमच्याकडे मोठा मान तोच आहे. त्याच्यावरचा आमच्याकडे नाहीच."

गिरणी धडधडत होती. मामांनी उपरणं जरा सैल केलं. मग त्यांनी विचारलं, "पाठ चोळणारा कोण होता तो?"

"स्टँडमागे राहतो. पूर्वी तालमीत होता."

"हात चांगलाय त्याचा," मामा म्हणाले. "माय गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता." मग एकदम ओरडले, "ए, पाव्हण्यांना खुर्च्या आना रे!"

आजोबा खुर्चीवर बसले आणि मुलीकडचे वडीलधारे म्हणून त्यांनी बोलणी सुरू केली. त्यांना हुंडा, मानपान यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे बोलणी फार लवकर आटपली. मामांची एकच अट होती: मिशी पुरती उगवल्याशिवाय लग्न नाही. पुढे भटजींनी चांगला मुहूर्त काढला, तर मामा आरशात बघून म्हणाले, "अजून पंधरा दिस तरी जातील." भटजींना मुहूर्त बदलावा लागला. पंचांगाऐवजी मिशी बघून लागलेलं लग्न मी तेवढं एकच पाहिलं. साडूभाऊंनी पुलाखाली, मंडईत, स्टँडमागे घरोघर जाऊन अक्षता दिल्या, आणि मामांनी त्या सगळ्यांना आपल्या पंगतीत, आपल्या हाताने वाढलं. त्यांना "नको" म्हणण्याची सोय नव्हती.

घोटीहून परतताना एस.टी.त मी साडूभाऊंना म्हणालो, "तुम्ही का अंगावर घेतलंत? मी सांगणार होतो." मी सांगणार नव्हतो, आणि ते त्यांनाही माहीत होतं. ते खिडकीबाहेरची भातशेतं बघत होते. म्हणाले, "अहो, तुम्ही शहाणे. तुम्ही केलं असं म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता. अपमानाला कुणी माफ करत नाही. मी केलं म्हटलं की नुसता वेडेपणा. वेडेपणावर माणसं चिडतात, पण हसतातही. आणि हसली की पोरीचं काम होतं." आजोबा शेजारी झोपले होते. साडूभाऊंनी त्यांचा कोट सरळ केला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी साडूभाऊ गेले. मी इंदिरानगरला मुलाकडे राहायला आलो. मागे एकदा बेबीकडे घोटीला गेलो होतो. आता ती स्वतः आजी झाली आहे. तिच्या नातीचं बारसं होतं. जेवणं झाल्यावर कुणीतरी मामांची मिशी काढलीच. सगळे हसले. मी तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. फाटक, दंड धरणं, न्हाव्याला बोललेलं वाक्य, सगळं.

बेबीने ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काका, असेलही तसं. पण तुम्ही त्यात नका ना शिरू. बाबांचं घर विकलं, अंगण गेलं. ते नीट आठवणारं या घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. ही पोरं बाबांना ओळखतात ती फक्त या गोष्टीतून. त्यात तुम्ही आलात तर बाबा कुठे जातील?"

आतून कुणीतरी हाक मारली, "आजोबा, या ना, तुम्ही होता ना तेव्हा? नीट सांगा!" मी आत गेलो, बसलो आणि साडूभाऊ हातात झारा घेऊन मामांना मागच्या दाराने कसे घेऊन गेले, ते मी स्वतः त्यांना रंगवून सांगितलं.

म्हणून खरं काय ते इथे लिहून ठेवलं आहे. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला कधी घोटीला जायचा योग आला आणि तिथे कुणी ही गोष्ट सांगू लागलं, तर कृपा करून त्यांना मधे थांबवू नका. साडूभाऊंना हसून घ्या.